पोखर्णीच्या रानातली सही

“ए धनगर! एक कोकरू घेऊन ये. चांगलं भरलेलं बघून आन.”

बापूसाहेबांनी खुर्चीतून न उठता बांधापलीकडं हाक दिली. मी नुकतीच हुरड्याची मूठ तोंडात टाकली होती. बांधापलीकडं सोयाबीन निघालेल्या रानात जाळी लावून मेंढरं बसवलेली. जाळीशी वाकलेला माणूस हाकेसरशी सरळ झाला. डोक्याला लाल पटका. खांद्यावर घोंगडं. चालताना डावा पाय थोडा ओढत होता.

आधी तो पाय ओळखला. मग माणूस. तो माझा बाप होता.

“व्हय मालक,” आबा म्हणाले, आणि कळपात शिरले.

मी पायलट आहे. एका खासगी विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या उजव्या हाताला बसणारी. सात वर्षं झाली. माझं गाव जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. बरड माळ. आमच्याकडं मेंढरं आहेत, तेवढंच. सुगी झाली की आबा आणि माय मेंढरं घेऊन खाली काळ्या रानात उतरतात, पिंगळी, पोखर्णीकडं. मोठ्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांनी त्याचं रान खतावतं, मेंढरांना चारा मिळतो. आणि मालकाच्या मनात आलं तर वर एक कोकरू. हे कुठं लिहिलेलं नाही. पण नाही म्हणायचीही सोय नाही.

मी आश्रमशाळेत शिकले. मग परभणीला वसतिगृहात राहून बारावी. मग शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकले. कंपनीत कुणी घरचं विचारलं की मी सांगायची, वडील शेती करतात. सात वर्षं हेच सांगितलं. खोटं होतं. पण त्यावर कुणी पुढचं विचारत नसे.

त्या दुपारी पोखर्णीच्या त्या रानात आम्ही चौदा पायलट होतो. सगळे कंपनीच्या हैदराबाद तळावरचे. रणजित कॅप्टननी हुरड्याला बोलावलं होतं. रणजित म्हणजे बापूसाहेबांचे थोरले चिरंजीव, आणि आमच्याकडचे ट्रेनर. आमची परीक्षा तेच घ्यायचे. फर्स्ट ऑफिसरचा कॅप्टन कधी होणार, होणार की नाही, ते त्यांच्या शेऱ्यावर. त्यामुळं त्यांनी बोलावलं की लोक येतात. तीन गाड्या करून पहाटे निघाले आणि पोचले. मला त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं, “मॅडम, तुम्ही तर आमच्या जिल्ह्याच्या. तुम्ही आलंच पाहिजे.”

आबांची मेंढरं त्या बाजूला उतरलीत हे मला ठाऊक होतं. ठरवलं होतं, हुरडा उरकला की हळूच निघायचं आणि भेटून यायचं. कुणाच्या रानात बसलीत ते मी विचारलं नव्हतं. आणि मी येणार, हे त्यांना सांगितलं नव्हतं.

आबा कोकरू घेऊन आले. पांढरं, कानाशी काळं. पायांत पाय अडकवून छातीशी धरलेलं. चौदा पायलट, त्यांच्या बायका, काळे चष्मे, मोबाईल. आगटीतून धूर निघत होता. आबांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यावर आली. थांबली नाही. पुढं गेली.

त्यांनी मला बघितलं होतं. मला बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

“ह्ये बघा मालक. चालंल का?”

बापूसाहेबांनी कोकराच्या पाठीवर अंगठा दाबला. “जरा बारीकच हाय. आवंदा तुपली मेंढरं खातेत मपलं रान आन भरत न्हाईत.”

लोक हसले. कळलं असो नसो, हसले. रणजित माझ्याकडं वळले. “मॅडम, हे तुमच्या जिंतूरकडचे दिसतात. ओळखीचे आहेत का बघा. बोलून जरा मोठं कोकरू काढून द्या की.”

आबा माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी म्हणाले, “नाही. मी ओळखत नाही.”

एवढंच. आवाजही कापला नाही. विमानात प्रवाशांना सूचना देते तसा, स्वच्छ.

आबांनी मान खाली घातली. कोकरू लिंबाच्या झाडाला बांधलं. गाठ दोनदा तपासली. आणि बाजूला जाऊन उकिडवे बसले. जा म्हणेपर्यंत जायचं नसतं.

मला वाटलं, आता कुणीतरी उठून माझ्या मुस्काटात मारावी. कुणी मारली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दही फिरत होतं, शेंगदाण्याची चटणी फिरत होती. मी खात होते. हो, खात होते.

मग रणजितनी गाडीतून फाईल आणली.

तेव्हा कळलं की हुरडा कशासाठी होता. चौदा कागद. प्रत्येकावर नाव छापलेलं. खाली सहीची रेघ. बाजेवर फाईल ठेवली, त्यावर पेन. “खेळीमेळीत होऊन जाऊ दे,” ते म्हणाले. “ऑफिसात उगाच गंभीर वाटतं.”

कागदात दोन गोष्टी होत्या. एक, ड्यूटीचे तास संपल्यावरही कंपनीला गरज पडली तर जास्तीचे तास उडवायला माझी कायमची संमती आहे. दोन, माझी कुठलीही तक्रार मी एकट्यानं मॅनेजरकडं करीन, कुठल्याही संघटनेमार्फत करणार नाही.

दोन-तीन महिने आमच्यात कुजबुज चालली होती. संघटना करायची. आपले प्रतिनिधी निवडायचे. कंपनीनं बोलायचं तर त्यांच्याशी बोलायचं. कुणी उघड बोलत नव्हतं, पण सगळे बोलत होते. त्याचं उत्तर हा कागद होता.

आमच्या धंद्यात तास संपतात म्हणजे काय, ते सांगते. किती तास उडवायचं याला मर्यादा असते. काही अडलं तर ती थोडी वाढवता येते. पण वाढवायची की नाही, ते त्या दिवशी, त्या घडीला, विमानात बसलेल्यांनी ठरवायचं. थकलो असू तर नाही म्हणायचं. आमच्या हातात तेवढाच एक शब्द असतो. त्या कागदानं तो आधीच काढून घेतला होता.

आणि तो शब्द वेळेवर न म्हटल्यानं काय होतं ते मी बघितलं होतं.

दिवाळीच्या गर्दीच्या दिवसांतली गोष्ट. सलग पाचवा दिवस. त्या दिवसाचं चौथं उड्डाण. दुपार. दिल्लीहून हैदराबादला येत होतो. माझ्या डाव्या हाताला मॅथ्यू सर. केरळचे, केस पांढरे, कमी बोलणारे कॅप्टन. तास संपत आले होते, फोनवरून ‘वाढवा’ म्हणून सांगितलं, आम्ही वाढवले. उत्तरेकडून येताना हवा स्वच्छ असली की माझ्या खिडकीतून, लांब उजव्या अंगाला, येलदरीचं पाणी चमकताना दिसतं. मी दर वेळी बघते. त्या दिवशीही वाट बघत होते. म्हटलं, आता दिसेल.

कानात आवाज आला. हैदराबादचा कंट्रोलर आमचं नाव घेत होता. त्याच्या आवाजावरून कळलं, पहिल्यांदा घेत नव्हता. मी डोळे उघडले. खाली येलदरी नव्हती. गोदावरीही मागं पडली होती. डावीकडं बघितलं. मॅथ्यू सरांची मान छातीवर.

दोघं झोपलो होतो. मागं माणसांनी भरलेलं विमान. लेकरं, म्हातारे. कुणी चहा पीत असेल. विमान आपलं आपण चाललं होतं आणि पुढं कुणी जागं नव्हतं.

उतरलो नीट. कुणाला काही झालं नाही. खाली आल्यावर मॅथ्यू सरांनी अहवालाचा कोरा कागद काढला. ते म्हणाले, “खरं लिहू.” मीही म्हणाले, खरं लिहू. दोघांनी अहवाल लिहिला. पाच दिवस सलग, तास वाढवले, झोप लागली.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावलं. दोघांना एकाच वेळी नाही. मला एका खोलीत, त्यांना दुसऱ्या. माझ्यासमोर नवा अहवाल टाइप करून ठेवलेला. ‘रेडिओकडे क्षणभर दुर्लक्ष झाले. थकव्याचा संबंध नाही.’ मी म्हणाले, हे खरं नाही. मॅनेजर म्हणाला, “तुमच्या कॅप्टननी सही केली आहे. तुम्ही एकट्याच खऱ्या का? तुम्ही शिष्यवृत्तीवर आलेल्या ना? मग इथवर पोचायला केवढं लागतं ते तुम्हाला सांगायला नको.”

मी सही केली. घरी येऊन अंघोळ केली. दोनदा केली. तरी ती सही अंगावरून गेली नाही. मनात मॅथ्यू सरांचा राग धरला. म्हटलं, खरं लिहू म्हणालात आणि आधी तुम्हीच वाकलात. नंतर त्यांच्यासोबत उड्डाण पडलं की मी कामापुरतं बोलायची. तेही तसंच.

तर, बाजेवर फाईल होती. रणजित उभे राहून बोलत होते. हिंदी, इंग्रजी, मधूनच मराठी.

“युनियन कोण करतं? हमाल करतात. आपण काय हमाल आहोत का? आपण ऑफिसर आहोत.”

फरहान म्हणून एक पोरगेलासा फर्स्ट ऑफिसर आहे, हैदराबादचाच. त्यानं विचारलं, “सर, सही नाही केली तर?”

“नको करूस. तुझी मर्जी. पुढच्या महिन्यात तुझी परीक्षा माझ्याकडं आहे, एवढं फक्त लक्षात ठेव.” आणि हसले. फरहानही हसला. ते हसू मी ओळखते. मी स्वतः हसलेय तसं.

कुणीतरी म्हणालं, “पण खरंच, आपल्या हातात आहे काय? संप केला तर लगेच कोर्टात ओढतील. वर्षानुवर्षं घरी बसू.”

मॅथ्यू सर आगटीजवळ बसले होते. तिथूनच म्हणाले, “संप कशाला? सुट्टीच्या दिवशी फोन उचलू नका. तास संपले की उठा. बास. यांचं सगळं वेळापत्रक आपल्या सुट्ट्यांवर उभं आहे. आपण रोज हो म्हणतो म्हणून ते चालतं. कॅप्टन काही बाजारात मिळत नाही, तयार व्हायला वर्षं जातात. आपल्या हातात हेच आहे, आणि हे लहान नाही.”

“मग करा ना तुम्ही,” दुसरा एक जण म्हणाला.

“एकट्यानं केलं तर मी कामचुकार ठरतो. सगळ्यांनी केलं तर कंपनी बोलायला येते. म्हणूनच हा कागद आणलाय.”

ज्यांनी पेन हातात घेतलं होतं त्यांनी ते फिरवत ठेवलं. एक जण म्हणाला, माझी बायको गरोदर आहे, मला आत्ता भांडण नको. त्याला कुणी हसलं नाही. दुसरा म्हणाला, मी पुढच्या वर्षी परदेशात चाललोय, मला काय करायचंय. तिसऱ्यानं सांगितलं की आधी इतरांच्या सह्या होऊ देत, मग बघू. प्रत्येकाला आपलं कारण होतं. खरं कारण.

रणजितना हे लांबलेलं आवडलं नाही. ते बांधाकडं वळले. हात लांब करून त्यांनी आबांची मेंढरं दाखवली.

“हे बघा. संघटना म्हणजे हे. एकानं मान खाली घातली की सगळ्यांनी घालायची. एकट्यानं मॅनेजरकडं गेलात तर तो खुर्ची देतो, चहा देतो. माणूस म्हणून बोलतो. घोळक्यानं गेलात की तुमची मेंढरं झाली. असं व्हायचंय का?”

पुन्हा हसले लोक. या वेळी कमी.

मॅथ्यू सर म्हणाले, “एकट्यानं गेल्यावर काय होतं ते मला माहीत आहे, रणजित. मी गेलो होतो.” मग ते माझ्याकडं बघून थांबले. म्हणाले, “आज बोलूनच टाकतो. मला तुझा राग होता. अहवालावर तू आधी सही केलीस, हे मला सांगितलं. मग मी एकटा कशाला अडून बसू, असं वाटलं.”

मला आधी समजलंच नाही.

“मी आधी? सर, तुम्ही आधी केली होती. मला मॅनेजरनं तसं सांगितलं.”

“मला खोलीत बसवलं तेव्हा म्हणाले, तुझी झाली आहे.”

“माझी तेव्हा झाली नव्हती.”

“माझीही नव्हती.”

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मध्ये आगटी. दोन खोल्या. मध्ये एक भिंत. कुणीच सही केली नव्हती. मग दोघांनी केली. एक साधं खोटं, दोन्हीकडं सारखंच सांगितलेलं. आम्ही एका खोलीत असतो तर ते खोटं दोन मिनिटं टिकलं नसतं.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. राग आला म्हणू? राग हा शब्द लहान आहे. मला मॅनेजरचा आला, रणजितचा आला, बापूसाहेबांचा आला. पण सगळ्यांत जास्त माझा आला. दिवाळीपासून दोनदा मी खरं गिळलं होतं. एकदा बंद खोलीत. एकदा तासाभरापूर्वी, भर उन्हात, माझ्या बापासमोर.

मी उभी राहिले.

“रणजित सर, मेंढरांचं तुम्हाला काही माहीत नाही. मला विचारा.”

ते हसतच म्हणाले, “तुम्हाला कसं काय माहीत, मॅडम?”

“कारण तो लिंबाखाली बसलेला माणूस माझा बाप आहे.”

आबांनी मान वर केली नाही.

“मघाशी मी ओळखत नाही म्हणाले. खोटं बोलले. ते माझे वडील आहेत. आणि मेंढरांचं सांगते. कळपात घुसून कुणी मेंढरू कापत नाही. आधी एक बाजूला काढतात. झाडाला बांधतात. मग कापतात. तुम्ही माझं आणि मॅथ्यू सरांचं तेच केलं. आज इथं चौदा जणांना चौदा कागद दिलेत. एकच कागद का नाही आणला?”

मग मी सगळं सांगितलं. दिवाळीतलं उड्डाण. पाच दिवस. गोदावरी. कंट्रोलरची हाक. ज्या बायका हुरडा खात बसल्या होत्या त्या ऐकत होत्या. एकीनं आपल्या नवऱ्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, ते मला दिसलं.

रणजितचा चेहरा उतरला होता. “तू काय बोलतेस कळतंय का? हे बाहेर गेलं तर तुझा परवाना जाईल. मॅथ्यूंचाही.”

“जाऊ दे,” मॅथ्यू सर म्हणाले.

मी माझ्या नावाचा कागद उचलला. सही केली नाही. फाडलाही नाही. घडी घालून खिशात ठेवला. तो पुरावा होता. मग लिंबाकडं गेले आणि कोकराची दोरी सोडायला लागले. गाठ घट्ट होती. आबांची गाठ. सुटेना. नखं मोडली.

बापूसाहेब खुर्चीतून उठले. त्या दिवसात पहिल्यांदाच उठले. “ए पोरी. ह्ये रान मपलं हाय. ध्यानात ठेव. इमान चालवायलीस म्हनून लय शानी झाली न्हाईस.”

“रान तुमचं हाय, बापूसाहेब. कोकरू आमचं हाय.”

माझ्या तोंडून ‘हाय’ निघालं. सात वर्षं मी त्या भाषेचा एक शब्द कंपनीतल्या कुणासमोर काढला नव्हता.

कोकरू उचललं आणि बांध ओलांडला. मागून आबा आले. जाळीपाशी पोचलो. मी कोकरू सोडलं, ते आईकडं पळालं. मला वाटलं, आबा आता डोक्यावर हात ठेवतील. काहीतरी बरं बोलतील.

ते म्हणाले, “कामून केलीस माय? सुपारीयेवढं काम व्हतं, दगडायेवढं करून ठिवलीस. उद्या रान सोडा म्हनतील. ह्या पायानं कुठं जायाचं?”

“आबा, मी तुम्हाला ओळखत नाही म्हणाले.”

“म्हनलीस. आयकलं.”

“तुम्हाला काही वाटलं नाही?”

ते जाळीची मेख ठोकत होते. ठोकत ठोकतच बोलले. “वाटलं न. वाटलं, बरं झालं, पोरगी सुटली. आता तिला कुनी ए धनगर म्हनून हाक मारनार न्हाई.”

हे मला आजही पेलत नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. पण माझ्या बापाला वाटत होतं की बापाला नाकारणं म्हणजेच पोरीचं भलं होणं. एवढं कुणी शिकवलं त्यांना? बापूसाहेबांनी शिकवलं. बापूसाहेबांच्या बापानं शिकवलं. आणि त्या दुपारी मी त्यावर शिक्का मारला होता.

दुसऱ्या दिवशी खरंच रान सोडायला सांगितलं. आबा, माय आणि मेंढरं पिंगळीच्या बाजूला गेली. नवं रान मिळेपर्यंत चार दिवस रेल्वेच्या कडेनं, मिळेल तिथं. माय माझ्याशी फोनवर आठवडाभर नीट बोलली नाही. तिला माझं बरोबर वाटत नव्हतं. अजूनही पुरतं वाटत नाही. मी तिला दोष देत नाही. किंमत तिनं मोजली, भाषण मी केलं.

त्या दिवशी चौदापैकी आठ जणांनी सह्या केल्या. सहा जणांनी केल्या नाहीत. फरहाननं केली नाही. मला वाटलं होतं तो करेल.

त्या सहा जणांनी दुसरा कागद केला. एकच. त्यावर सहा नावं एकाखाली एक. आम्ही संघटना करत आहोत. बोलायचं तर या प्रतिनिधींशी बोला. मॅथ्यू सर आणि मी, दोघं प्रतिनिधी. हैदराबादला परत आल्यावर तो कागद हातोहात फिरला. सही केलेल्या आठांपैकी पाच जण आले. गरोदर बायकोचं सांगणारा तोही आला. दुसऱ्या शहरांतले आले. जे येत नव्हते त्यांच्यावर आम्ही ओरडलो नाही. नुसते त्यांच्याशेजारी बसून, त्यांना एकट्याला बोलावलं तेव्हा काय झालं होतं ते विचारलं. प्रत्येकाला एक बंद खोली होती. प्रत्येकाला सांगितलेलं होतं, बाकीच्यांनी सही केली आहे.

मग मॅथ्यू सर म्हणाले तेच केलं. सुट्टीच्या दिवशी फोन उचलला नाही. तास संपले की थकलेलो असू तर नाही म्हणालो, आणि उतरलो. नियमाबाहेर एक पाऊल टाकलं नाही. सुट्ट्यांच्या गर्दीत विमानं रद्द व्हायला लागली. प्रवासी चिडले. आमच्यावर चिडले. टीव्हीवर कुणी म्हणालं, एवढा पगार घेऊन यांना काय कमी आहे. बरोबर आहे, पगार आहे. मला पगारावर बोलायचंच नव्हतं. मला जागं राहायचं होतं.

शेवटी कंपनी बोलायला आली. पण आधी एकेकट्याला बोलावलं. मला मॅनेजरचा फोन आला. “एकट्याच या. शांतपणे बोलू.” मी मॅथ्यू सर आणि फरहानला घेऊन गेले. मॅनेजर दारातच म्हणाला, “इथं कुठलीही युनियन आम्ही ओळखत नाही.” आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. सकाळी दहापासून. पाणीही कुणी विचारलं नाही. दुपारी तीनला तिघांना आत घेतलं. तिघांना. एकाच खोलीत. आत दोनच खुर्च्या होत्या, तिसरी बाहेरून आणावी लागली. ती आणेपर्यंत मी उभी राहिले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

त्या कागदातलं कायमच्या संमतीचं कलम त्यांनी मागं घेतलं. ‘तूर्त स्थगित’ असं लिहिलं. तूर्त. संघटनेला मान्यता दिली नाही. आम्ही जिंकलो असं कुणी म्हणालं तर मी गप्प बसते. जिंकलो नाही. हललो नाही, एवढंच.

दिवाळीतल्या त्या उड्डाणाचा खरा अहवाल मी आणि मॅथ्यू सरांनी पुन्हा लिहिला, आणि या वेळी कंपनीच्या बाहेर, जिथं पाठवायचा असतो तिथं पाठवला. दोघांच्या सह्या एकाच कागदावर, एकमेकांसमोर बसून केल्या. त्यानंतर दोघांनाही उड्डाणावरून काढलं. चौकशी चालू आहे. माझं कॅप्टन होण्याचं ट्रेनिंग लागलेलं होतं. यादीतून नाव गेलं.

सध्या मी परभणीत आहे. स्टेशनच्या मागं एक खोली घेतली आहे. अधूनमधून वाड्यावर जाते. मेंढरांच्या तळाला आम्ही वाडाच म्हणतो. आबा रागावलेले नाहीत, खूशही नाहीत. परवा त्यांनी एकदाच विचारलं, “बैजवार चाललंय न तुपलं?” बैजवार म्हणजे नीट, ठीकठाक. मी म्हणाले, न्हाई आबा, बैजवार न्हाई. ते म्हणाले, बरं. मी खोटं बोलले नाही, याचं मला त्या दिवशी बरं वाटलं.

मागच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. सभ्य भाषेत. झोपेबद्दलचा अहवाल गैरसमजातून लिहिला गेला असं मी लिहून दिलं, आणि प्रतिनिधीपद सोडलं, तर कॅप्टनच्या ट्रेनिंगचा फेरविचार होईल. हे तुमच्यापुरतं आहे, इतरांशी याची चर्चा करू नये. भेटीसाठी वेळ दिली होती. एकटीला.

मला कॅप्टन व्हायचं आहे. हे लपवून काय करू? लहानपणापासून दुसरं काही हवंसं वाटलं नाही. डाव्या बाजूची ती खुर्ची माझ्या स्वप्नात येते. अजून येते.

पत्राचे फोटो काढून मी ते सगळ्या सभासदांना पाठवले. मग उत्तर लिहिलं. मराठीत लिहिलं. त्यांना समजत नसेल तर भाषांतर करून घेतील.

‘अहवाल खरा आहे. मागे घेणार नाही. पद सोडणार नाही. भेटीला येईन, पण प्रतिनिधी म्हणून येईन, आणि एकटी येणार नाही. यापुढे माझ्याशी जे बोलायचं ते सर्वांसमोर बोलावं. बंद दाराआड मी कशावरही सही करणार नाही. नोकरी गेली तरी नाही.’

खाली सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.